बंबखान्याची कमान

धूर पहिल्यांदा दिसला तो सगुणाबाईला. बंबखान्याच्या दाराला खेटून ती सुकी मच्छी विकायला बसायची. सोड्यांची टोपली सारखी करता करता तिची नजर सहज वर गेली, आणि पलीकडच्या गल्लीतल्या पत्र्यांवरून काळ्या धुराचा लोट उठताना तिला दिसला.

"मिलिंदाऽ! अरं ए मिलिंदा!" तिने दाराच्या फटीतून आत हाक घातली. "तुझे बायकोचे कारखान्याकडं काय जलतंय बघ रं!"

मिलिंद ओव्हाळ आगीच्या बंबाच्या मागच्या चाकाशी उकिडवा बसून हवा बघत होता. तो तसाच बाहेर आला, वर पाहिलं, आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. त्या पत्र्यांखाली जीन्सचा कारखाना होता. खाली मशिनी, वर माळ्यावर धागे कापणाऱ्या बाया. त्यातच त्याची कुंदा.

दुपारची वेळ, एप्रिलचं ऊन. त्या साली लोडशेडिंगने उल्हासनगरचा जीव काढला होता. लाइट गेली की गल्लीगल्लीत जनरेटर घरघरायचे. कारखान्याचा जनरेटर तर जिन्याखालीच ठेवलेला. मिलिंदने कुंदाला कितीदा सांगितलं होतं, शेठला बोल, ते धूड तिथून हलवायला लाव. ती म्हणायची, मी बोलले तर शेठ मलाच हलवेल.

नवजीवन बाजारातला हा बंबखाना लष्कराच्या वेळचा. मोठ्या लढाईत इथे सैनिकांची छावणी पडली होती. मैलभर बराकीच बराकी, म्हणून दगडविटांचा हा बंबखाना बांधला गेला. बंब सहज आत-बाहेर जाईल अशी उंच कमान, तिला सागवानी दुपाखी दार आणि कमानीच्या डोक्यावर एक इवलीशी खोली. त्या खोलीत पितळी घंटा. लढाई संपली, सैनिक गेले, बराकींत सिंधी निर्वासित आले, त्यांनी शून्यातून कापडाचा बाजार उभा केला. कापडाच्या बाजाराला आगीची भीती पाचवीला पुजलेली. बाजार मंडळाने बंबखाना ताब्यात घेतला, स्वतःचा बंब आणला, स्वतःची माणसं ठेवली. मिलिंदचा बापही याच बंबावर पाइप धरायचा.

पण आता ते दिवस राहिले नव्हते. आग लागली की शहराची मोठी गाडी यायची. मंडळाला बंबखाना पाडून तिथे गाळे काढायचे होते, त्यामुळे डागडुजीवर कुणी छदाम खर्चायला तयार नव्हतं. गेल्या पावसाळ्यात कमानीला उजव्या अंगाने हात जाईल एवढी चीर पडली, तेव्हा पाइपवरच्या म्हाताऱ्या आनंदानेच कुठून तरी एक जाड लाकडी वासा आणून कमानीखाली टेकू म्हणून ठोकला. आणि समोरची मोकळी जागा मंडळाने टपऱ्यांना देऊन टाकली. मोबाइलची कव्हरं विकणाऱ्या एकाने तर दाराच्या उजव्या फळीला चिकटून सिमेंटचा ओटाच बांधला. तेव्हापासून ती फळी उघडली नव्हती. बंबही बाहेर निघाला नव्हता.

बंबखान्यात माणसं राहिली होती दोनच. गाडी चालवणारा मिलिंद आणि पाइपवरचा आनंदा. आनंदा साताऱ्याकडचा, साठीला आलेला. मागच्या खोलीत तो आणि त्याची बायको वेणूबाई राहायचे. मूलबाळ नव्हतं. मिलिंद त्याला आबा म्हणायचा. बाप गेल्यावर डोक्यावर हात ठेवणारं माणूस म्हणजे तोच. वेणूबाई त्या दिवशी खरवईला बहिणीकडे गेली होती.

मिलिंद धावत सुटणार तोच गल्लीतून वैष्णवी पळत आली. कारखान्यात खालच्या मशिनीवर बसणारी पोर. ओढणी अर्धी जळालेली, तोंड काळं.

"दादा, जिना पेटलाय! सगळ्या वरच अडकल्यात. खिडकीला जाळी आहे, निघता येत नाही त्यांना!"

"कुंदा?"

"वरच आहे ताई! खिडकीतनं हात काढून ओरडतायत सगळ्या!"

मिलिंदने पाऊल उचललं, पण मागून आनंदाने त्याचा दंड धरला.

"कुठं निघालास?"

"सोडा आबा! कुंदा आहे तिकडे!"

"ती लोखंडी जाळी हातानं उपटणार हाईस व्हय? बंब काढ. तारेचा दोर हाय, हुक हाय. जाळीला अडकवायचा आन् गाडी मागं घ्यायची. मी शहराच्या गाडीला फोन लावला, त्या अंबरनाथला मोरिवलीच्या बाजूला कारखान्यात गेल्यात. येतील तवा येतील. आपलाच बंब काढला पाहिजे."

आनंदाचं बोलणं ऐकून मिलिंद भानावर आला. तो केबिनमध्ये चढला. जुनं इंजिन दोनदा खोकलं, तिसऱ्यांदा लागलं. पण पुढे काय? आनंदाने डावी फळी सताड उघडली, तरी बंबाला जागा पुरत नव्हती. उजवी फळी ओट्याने अडलेली. आणि त्याच फळीच्या आतल्या अंगाला कमानीचा टेकू. बाहेर टपऱ्या, टपऱ्यांच्या पुढे हातगाड्या, रिक्षा, आणि धूर बघायला जमलेला सगळा बाजार.

मिलिंद खाली उतरला, दारात जाऊन ओरडू लागला. "सरका! अरे हटा ना बाबांनो! गाडी काढायचीये! भाई, साइड दो! आग लगी है, औरतें फँसी हैं!"

कुणी सरकलं, कुणी जागच्या जागी हललं. मोबाइलवाल्याने कव्हरं गोणीत कोंबायला घेतली. पण गर्दी होती तिथेच. मागचे पुढच्यांना लोटत होते, पुढच्यांना मागे जायला वाट नव्हती. मिलिंदने हात जोडले. एका हातगाडीवाल्याचे तर पायच धरले.

"अरे मेरी औरत है अंदर, तेरे पाँव पड़ता हूँ, ठेला हटा!"

"साहब, किधर हटाऊँ? पीछे जगा किधर है?" तो हातगाडीवालाही रडकुंडीला आला होता.

सगुणाबाई आपल्या टोपल्या उचलत होती. एक उचलली की दुसरीकडे वळायची. वर ताडपत्री, तिला चार बांबू, खाली लाकडी फळ्या आणि फळ्यांखाली पोत्यांत भरून ठेवलेला माल. पावसाळ्याच्या बेगमीचं गिऱ्हाईक येणार म्हणून तिने सगळा मोसम त्यात घातला होता.

"थांब रं मिलिंदा, मला माल काढू दे! माझा सगला संसार हाय यांच्यात!"

"मावशी, कुंदा जळतेय!"

"मंग मी काय करू रं? दोनच हात हायत ना मला!"

आनंदा हे सगळं बघत होता. त्याने मिलिंदला आत ओढलं.

"तुझा आवाज कुणाला ऐकू यीना. मी वर जातो, घंटा वाजवतो. घंटा ऐकली की बाजार पांगतो, माझ्या डोळ्यांनी बघितलंय मी. रस्ता मोकळा झाला की खाली येतो, टेकू कडेला सरकवून ठोकतो, दार काढतो, मग तू गाडी काढ. तवर हलू नगंस. कमान पडंल."

"लवकर आबा!"

आनंदा लोखंडी शिडीने वर चढला. या वयातही तो शिडी चढायचा तो पोरासारखा. छताला माणूस जाईल एवढं एक भोक होतं, त्यातून तो वरच्या खोलीत दिसेनासा झाला. क्षणभर काहीच नाही. मग घंटा वाजली.

कित्येक वर्षांत ती वाजली नव्हती. नव्या लोकांना तर ती आहे हेही ठाऊक नव्हतं. पण तो आवाज असा काही अंगावर आला की बाजार हबकला. म्हातारे दुकानदार गादीवरून उठून "आग! आग!" करत बाहेर पडले आणि आपल्या माणसांना मागे ओढू लागले. रिक्षा हलल्या. हातगाड्या कडेला लागल्या. दारासमोर खरोखरच एक वाट फाटत गेली.

मिलिंद केबिनमध्ये बसून ती वाट बघत होता. पाय क्लचवर, हात गियरवर. घंटेचे ठोके सुरूच होते. तेवढ्यात वैष्णवी पुन्हा गल्लीच्या तोंडाशी दिसली. ती दोन्ही हात हलवत ओरडत होती.

"दादा, कुंदाताई खिडकीत दिसत नाहीये आता! दिसत नाहीये ती!"

मिलिंदने खिडकीतून मान बाहेर काढून वर पाहिलं. छताच्या भोकात आनंदाचं तोंड दिसलं. घामाने डबडबलेलं. एका हातात घंटेची दोरी, दुसरा हात त्याने खाली केला होता, पंजा उघडा. तो काहीतरी ओरडला. इंजिन घरघरत होतं, घंटेचा नाद भिंतीभिंतींत घुमत होता. मिलिंदला त्याचे ओठ हलताना दिसले. शब्द आला नाही.

बंबाच्या नाकासमोर सगुणाबाई उभी होती. एक पोतं तिने छातीशी धरलं होतं, आणि मोकळ्या हाताने ती बॉनेटवर थापा मारत होती. "थांब! थांब रं!"

मिलिंदने गियर टाकला.

सगुणाबाई कशीबशी बाजूला झेपावली. बंबाचं लोखंडी नाक उजव्या फळीवर आदळलं, सागवान कडाडलं, टेकू काडीसारखा उडाला, ओट्याचे दोन तुकडे झाले. चाकांखाली बांबू मोडले, पोती फुटली, सुकट रस्त्यावर पसरली. बंब बाहेर आला. मागे काहीतरी गडगडलं. दार पडलं असेल, असं मिलिंदने स्वतःला सांगितलं. घंटा थांबली होती. आबा उतरले असतील, येतील मागून धावत, असंही सांगितलं. आरशात सगळी धूळच धूळ होती. त्याने आरशात दुसऱ्यांदा पाहिलं नाही.

गल्लीत बंब शिरला तेव्हा कारखान्याचा खालचा मजला भट्टीसारखा रसरसत होता. वरच्या खिडकीच्या जाळीतून हात बाहेर आले होते, बांगड्यांचे हात. कोण कुणाचा ते कळत नव्हतं. आवाज मात्र एकच होता, किंचाळण्याच्याही पलीकडचा, घोगरा.

"आबा, पंप सुरू करा! जिन्यावर पाणी मारा!" मिलिंद उडी मारून उतरला आणि तारेचा दोर सोडू लागला. "आबाऽ!"

पंपापाशी कुणीच नव्हतं.

"कुठं मेला हा म्हातारा!" तो दात-ओठ खात ओरडला. "ऐन वेळेला कुठं मेला!"

पंप सुरू करायला तोच, दोर बांधायला तोच. समोरच्या गादीवाल्या सिंधी दुकानदाराने आपल्या दुकानातल्या नव्याकोऱ्या गाद्या रस्त्यावर आणून टाकायला लावल्या. दोन हमालांनी पाइप धरला. मिलिंद शिडी लावून वर चढला. जाळी तापली होती, हाताची साल सोलवटून निघाली. आतल्या बाया त्याच्या बोटांना धरत होत्या, त्यांना झिडकारून त्याने हुक अडकवला.

"मागे व्हा! भिंतीपासून मागे व्हा! कुंदा! कुंदा आहे का?"

"खाली पडलीये ती!" आतून कुणी तरी ओरडलं.

तो खाली आला, केबिनमध्ये शिरला, बंब मागे घेतला. तार ताणली, कुरकुरली. जाळी हलेना. त्याने पुन्हा पुढे घेऊन झटका दिला. "निघ! निघ गं बाई!" तो रडत रडत स्टिअरिंगवर डोकं आपटत होता. तिसऱ्या झटक्याला चौकटीसकट, विटांसकट जाळी खाली आली.

एकेक बाई गादीवर पडू लागली. कुणाचा पाय मोडला, कुणाचे केस जळाले होते. सगळ्यात शेवटी दोघींनी मिळून कुंदाला खिडकीतून सोडलं. मिलिंदने तिला झेललं तेव्हा ती मेल्यासारखीच होती. तोंडाला काजळी, उजवा हात कोपरापर्यंत भाजलेला. त्याने तिच्या तोंडावर पाणी मारलं, गालावर चापट्या मारल्या. खूप वेळाने ती खोकली. तो खोकला ऐकून मिलिंद तिथेच चिखलात बसला आणि लहान पोरासारखा रडला.

माळ्यावरची एकही बाई गेली नाही. शहराच्या गाड्या आल्या, त्यांनी उरलेली आग विझवली. लोक मिलिंदच्या पाठीवर थाप मारत होते. तेवढ्यात गर्दीतून मोबाइलवाला वाट काढत आला. त्याचं तोंड पांढरंफटक पडलं होतं.

"मिलिंदभाऊ, चला. बंबखाना बसलाय."

"आबा कुठंयत?"

तो वळून पुढे चालू लागला.

कमान राहिली नव्हती. वरची खोली, छताचा अर्धा भाग, सगळं खाली आलं होतं. लोक हातांनी दगड उचलत होते. मिलिंदही उचलू लागला. भाजलेल्या तळव्यांचं त्याला भान नव्हतं. आनंदा सापडला तेव्हा दोरी अजून त्याच्या मनगटाला वेढलेली होती. श्वास नव्हता.

संध्याकाळी वेणूबाई खरवईहून परतली. बहिणीने दिलेल्या कैऱ्यांची पिशवी तिच्या हातात होती. कमान होती तिथे आभाळ दिसत होतं. तिला सांगायला कुणीच पुढे होईना, तेव्हा मिलिंदच पुढे गेला. त्याने तिच्या हातातली पिशवी घेतली. तिने त्याच्याकडे पाहिलं आणि तिला कळलं.

पुढचे दिवस मिलिंदने कसे काढले, त्याचं त्याला ठाऊक. कुंदा इस्पितळात होती, तिथे बसायचा. तिथून वेणूबाईकडे यायचा. मंडळाने तिला गोदामाच्या मागची एक खोली काही दिवसांपुरती दिली होती. गावाहून दीर आला, दिवस उरकले, आणि "वहिनी, घरात जागा कमी हाय, नायतर…" असं पुटपुटत निघून गेला. त्याने वाक्य पुरं केलं नाही, वेणूबाईनेही करायला लावलं नाही.

लोकांनी आपल्यापुरती गोष्ट जुळवून टाकली होती. जुनी इमारत, केव्हा ना केव्हा पडायचीच. नेमकी तेव्हा पडली. आनंदा कर्तव्य करता करता गेला. पोलिसांनीही मिलिंदला विचारलं ते एवढंच, की गाडी कशी काढली. बंब फळीला लागला हे त्याने सांगितलं. आबांनी "हलू नगंस" म्हणून बजावलं होतं, ते कुणी विचारलं नाही. त्याने सांगितलं नाही.

बाजाराच्या हॉलमध्ये मंडळाने सत्कार ठेवला. मिलिंद जायला तयार नव्हता, दोघा दुकानदारांनी त्याला धरून नेलं. अध्यक्षांनी शाल घातली, नारळ हातात दिला, त्याला वीर म्हटलं. पहिल्या रांगेत वेणूबाई बसली होती, पांढऱ्या कपाळाची. टाळ्या वाजल्या तेव्हा तिनेही दोन्ही हात जुळवले. मिलिंदला वाटलं, ही जमीन फाटावी आणि आपण शालीसकट आत जावं.

बाहेर आल्यावर ती त्याला म्हणाली, "मिलिंदा, एक विचारू?"

"विचार ना मावशी."

"तू त्यांना शेवटचं बघितलंस. तुला काय बोलले का रं?"

मिलिंदने अंगावरची शाल काढून हातात घेतली. "ओरडले काहीतरी. इंजिन चालू होतं. मला… मला ऐकू नाही आलं."

"काय म्हणाले आसतील?" ती स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली. "रातभर डोळ्याला डोळा लागत न्हाई बघ. वर एकला मानूस. भ्याला आसंल का? थांब म्हणाला आसंल, मला उतरू दे म्हणाला आसंल, आन् कुनी ऐकलं नसंल. तेवढंच डोस्क्यात फिरतंय."

 मिलिंदच्याही डोक्यात तेच फिरत होतं. डोळे मिटले की तो उघडा पंजा खाली यायचा. थांब म्हणणारा हातही तसाच असतो आणि जा म्हणणाराही तसाच. किती वेळा त्याने स्वतःचा पंजा तसा धरून पाहिला होता. शब्दच तेवढा राहिला होता. जा म्हटलं असेल, तर माणूस म्हणून जगता येईल. थांब म्हटलं असेल, तर आपण आबांना मारलं.

"ती मच्छीवाली," वेणूबाई म्हणाली, "सगुणा. ती दारातच हुती म्हनं. तिनं ऐकलं आसंल. मला तिच्याकडं ने."

 ज्या बाईचा संसार मिलिंदने चाकाखाली घातला होता, तिच्या दारात जायचं, आणि तेही वेणूबाईला घेऊन. त्याने सबबी सांगितल्या. ऊन आहे, तिचं घर माहीत नाही, ती भेटणार नाही. वेणूबाईने ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच म्हणाली. तिसऱ्या दिवशी ती एकटीच निघाली, तेव्हा त्याला रिक्षा आणावीच लागली.

मोरिवलीला पोचेपर्यंत तो नुसता बाहेर बघत होता. रिक्षा उलटावी, चाक निखळावं, सगुणाबाई घरात नसावी, असं काय काय त्याच्या मनात येत होतं. कारखान्यांच्या भिंती संपून गाव लागलं. विचारत विचारत ते घराशी आले. सगुणाबाई अंगणातच होती. प्लास्टिकच्या कागदावर थोडीशी सुकट पसरलेली, चाकाखालून वाचली तेवढी. तिने मान वर केली. मिलिंदला पाहताच तिचे डोळे बदलले.

"आलास? काय मोडायचा राह्यलाय का आजून?"

मग तिला मागे उभी असलेली वेणूबाई दिसली. तिचं कपाळ दिसलं. सगुणाबाई उठली, पदराला हात पुसले, तिला ओट्यावर बसवलं, पाणी दिलं. वेणूबाईने पाण्याला हात लावला नाही.

"बाई, तुमचं लई नुकसान झालं. मी काय त्याची भरपाई करनार! पर एक सांगा. तुम्ही दारात हुता. माझं मानूस वरून वरडलं, ते काय वरडलं?"

अंगणात कोंबडी काहीतरी टिपत होती. मिलिंद दारच्या खांबाला धरून उभा राहिला. सगुणाबाईने एकदा त्याच्याकडे पाहिलं. त्या नजरेत काय होतं ते त्याला वाचता आलं नाही. हिने आता मला सोडू नये, असं त्याला वाटलं. आणि त्याच वेळी, हिच्या पाया पडावं, असंही.

"जा बोल्ले," सगुणाबाई म्हणाली. "मी ऐकला ना. जा रं मिलिंदा, माझी वाट बघू नुको, असा बोल्ले. हात करून बोल्ले."

"भ्याले न्हाईत?"

"नाय गो बाय. भ्यायेल मानूस असा बोलंल का?"

वेणूबाईच्या तोंडून एक हुंदका आला. आनंदा गेल्यापासून ती अशी रडली नव्हती. सगुणाबाईने तिला जवळ घेतलं, आणि दोघी कितीतरी वेळ एकमेकींच्या गळ्यात पडून होत्या.  जा म्हणाले. आबा जा म्हणाले. छातीवरची धोंड सरकली आणि आगीनंतर पहिल्यांदा मिलिंदला पोटभर श्वास घेता आला.

निघताना वेणूबाई रिक्षात बसली. मिलिंद मागे वळून सगुणाबाईचे पाय धरायला वाकला. तिने त्याला खांद्याला धरून उभं केलं आणि घराच्या आडोशाला नेलं.

"पाय नुको धरू. ऐक. मला काय ऐकू आला नाय."

मिलिंद तिच्याकडे बघतच राहिला.

"मीच बोंबलत होती. तुझी मशीन बोंबलत होती. मला कसा ऐकू येल? तिला जगायचा हाय म्हनून सांगितला. तुझ्यासाठी नाय." तिचा आवाज चढला नाही. "मी तुला थांब बोल्ली, तो तर तू ऐकलास ना? समोर होती मी. मला सरकायला उशीर झाला असता तर माझ्यावरून पन नेली असतीस."

मिलिंदला नाही म्हणता आलं नाही. कुंदा खिडकीत दिसत नाहीये हे ऐकल्यावर समोर कोण आहे हे त्याने पाहिलंच नव्हतं. आणि पुन्हा ती वेळ आली, पुन्हा खिडकीत कुंदाचा हात दिसेनासा झाला, तर आपण थांबू, असंही त्याला छातीवर हात ठेवून म्हणता येत नव्हतं.

"जा आता. ती वाट बघतंय," सगुणाबाई म्हणाली आणि सुकट पालथी करायला वळली.

पावसाआधी मंडळाने बंबखान्याच्या उरलेल्या भिंती पाडल्या. गोदामामागची खोलीही परत मागितली. बंब भंगारात गेला. कुंदा इस्पितळातून घरी आली, पण उजव्या हाताची बोटं मिटेनात आणि खोकला काही तिला सोडेना. मिलिंदला पालेगावात नव्या बिल्डिंगींच्या मागे दोन खोल्या भाड्याने मिळाल्या. तो पाण्याचा टँकर चालवू लागला. सामान हलवायच्या दिवशी कुंदा म्हणाली, "वेणूमावशी कुठे जाईल?" मिलिंद भांडी पोत्यात भरत राहिला. "तिला आपल्याकडे आणायची," कुंदाच म्हणाली.

तेव्हा त्याने तिला सगळं सांगितलं. आबांनी हलू नको म्हटलेलं, तो पंजा, मोरिवलीचं अंगण, सगळं. कुंदा ऐकत होती. मग तिला खोकल्याची उबळ आली, ती ओसरेपर्यंत त्याने तिची पाठ चोळली.

"माझ्यासाठी केलंस," ती शेवटी म्हणाली. "आता माझ्या गळ्यात आहे ते. तिला सांगू नकोस. तिच्यापाशी तेवढंच उरलंय."

वेणूबाई आली. भाकऱ्या थापायची, कुंदाच्या हाताला तेल चोळायची. बुद्धवंदनेला शेजारणी जमल्या तर तीही कोपऱ्यात हात जोडून बसायची. चाळीत नवी बाई राहायला आली की वेणूबाई तिला आपल्या माणसाची गोष्ट सांगायची. वर एकटा होता, खाली मरण दिसत होतं, तरी म्हणाला, जा, त्या पोरींना वाचवा. सांगताना तिची मान ताठ व्हायची.

असंच एकदा संध्याकाळी शेजारची बकुळा दारात उभी होती. तिने डोळ्याला पदर लावला आणि विचारलं, "खरंच असं म्हणाले ते?"

"ह्याला विचार की," वेणूबाई म्हणाली. मिलिंद नुकताच टँकरवरून आला होता, पाय धुवून आत येत होता. "हा हुता तिथं. काय रं मिलिंदा, काय म्हणाले तुझे आबा?"

कुंदाने चुलीवरून मान वर केली नाही.

"जा म्हणाले," मिलिंद म्हणाला.

"बघ," वेणूबाई बकुळाला म्हणाली. मग तिने त्याचं ताट वाढलं, आमटीची वाटी जवळ सरकवली, आणि तो दिवसभर उन्हात होता म्हणून पदराने त्याला वारा घालत बसली. मिलिंदला तो पदर थांबवता आला नाही. घास तोंडात फिरत राहिला. त्याने तो पाण्याबरोबर गिळला आणि पुढचा घास घेतला, कारण ती समोर बसून बघत होती.